दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ? बहुपक्षीय निवडणुकीतला नकारात्मक प्रचार

माध्यान्ह (धागाकर्ता)

नकारात्मक प्रचाराविषयी वाचायला घेतलं की बरंचसं लेखन दोनच उमेदवार समोरासमोर उभे आहेत असं धरून केलेलं आढळतं. तिथलं गणित सोपं आहे. समोरच्याचं एक मत तुटलं की ते माझ्याकडे येवो किंवा घरी बसो, माझा फायदाच. पण जगातल्या कितीतरी लोकशाह्यांमध्ये मतपत्रिकेवर पाच, आठ, बारा पक्ष असतात. तिथे 'अ'ने 'ब'ची बदनामी केली, तर 'ब'चा नाराज मतदार 'अ'कडेच का येईल? कालपर्यंत आपल्या नेत्याला झोडपणाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहणं माणसाला जड जातं. तो 'क'कडे जातो, आणि 'क'ने तर बोटही उचललेलं नसतं.

२००४ साली अमेरिकेत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीची पहिली लढत आयोवा राज्यात झाली. हॉवर्ड डीन आणि डिक गेपहार्ट हे तिथले वजनदार उमेदवार मानले जात होते. शेवटच्या आठवड्यांत दोघांनी टीव्हीवरून एकमेकांवर तोफा डागल्या. १९ जानेवारीला निकाल लागला तेव्हा जॉन केरी ३८ टक्के, जॉन एडवर्ड्स ३२, डीन १८ आणि गेपहार्ट ११. ही एकाच पक्षातली लढत होती हे मान्य, पण उमेदवार दोनाहून जास्त झाले की हल्ल्याचं पीक कोणाच्या घरात जातं ते इथे स्वच्छ दिसतं.

यावर एक नेमका प्रयोगही झालेला आहे. गालासो, नान्निचिनी आणि नुन्नारी या तीन संशोधकांनी इटलीत महापौरपदाच्या खऱ्याखुऱ्या निवडणुकीत मतदारांच्या काही गटांपर्यंत सकारात्मक आणि काही गटांपर्यंत नकारात्मक प्रचार पोहोचेल अशी रचना केली. लढतीत तीन प्रमुख उमेदवार होते. नकारात्मक प्रचाराचा ठळक फायदा झाला तो ना हल्ला करणारा ना झेलणारा अशा तिसऱ्याला. मग त्यांनी काल्पनिक उमेदवार घेऊन सर्वेक्षणातही तेच तपासलं. ज्याच्यावर हल्ला झाला त्याचं फारसं बिघडलं नाही, हल्ला करणाऱ्याचं बरंच बिघडलं, आणि गप्प बसलेल्याचं फावलं. हल्ला करणारा माणूस लोकांना अधिक टोकाचा वाटला, आणि इतरांना सोबत घेऊन चालण्याची कुवत याच्यात कमी आहे असंही वाटलं.

हा शेवटचा निष्कर्ष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुपक्षीय देशात सरकार बनवायचं म्हणजे इतरांना सोबत घेणंच असतं.

नेदरलँड्समध्ये १२ सप्टेंबर २०१२ ला निवडणूक झाली. मार्क रुटे यांचा उदारमतवादी व्हीव्हीडी आणि डिडेरिक साम्सोम यांचा मजूर पक्ष पीव्हीडीए एकमेकांना रोखण्याच्या भाषेत लढले. 'ते नकोत म्हणून आम्ही' असा मामला. १५० पैकी व्हीव्हीडीला ४१ आणि पीव्हीडीएला ३८ जागा मिळाल्या. ५ नोव्हेंबरला त्याच दोन पक्षांच्या मंत्र्यांनी एकत्र शपथ घेतली. साम्सोमना मत देणाऱ्या कित्येकांनी ते रुटेंना थांबवण्यासाठी दिलं होतं, आणि रुटेंच्या कित्येक मतदारांनी साम्सोमना थांबवण्यासाठी. २०१७ मध्ये पीव्हीडीए ३८ वरून ९ जागांवर आला. काटकसरीची धोरणं वगैरे कारणं होतीच, पण फसवलं गेल्याची भावना त्या पक्षाला चार वर्षं पुसता आली नाही.

माझं मत असं झालं आहे की बहुपक्षीय व्यवस्थेत नकारात्मक प्रचाराचं सर्वांत मोठं नुकसान शिवराळ भाषेतून होत नाही. उद्या कोणासोबत बसावं लागणार आहे याचा अंदाज असूनही त्याबद्दल मतदाराला अंधारात ठेवलं जातं, ते नुकसान मोठं. तुम्हाला काय वाटतं?

शब्दवेध

धागा आवडला, पण एका गोष्टीवर ठाम असहमती नोंदवतो. 'नकारात्मक प्रचार' या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. सत्तेतल्या पक्षाने पाच वर्षांत काय केलं नाही, हे तो स्वतः कधीच सांगणार नाही. ते विरोधकानेच सांगायचं असतं, आणि ते सांगणं नकारात्मकच असणार. जॉन गीर या अमेरिकी अभ्यासकाने अनेक दशकांच्या अध्यक्षीय जाहिराती तपासून दाखवलं की टीकेच्या जाहिरातींमध्ये धोरणांचा तपशील आणि पुरावा स्तुतीच्या जाहिरातींपेक्षा जास्त असतो. हे पटण्यासारखं आहे. 'मी तुमचा सेवक आहे' म्हणायला पुरावा लागत नाही, 'याने निधी वापरलाच नाही' म्हणायला लागतो.

वैयक्तिक व्यंगावर बोट ठेवणं हा मात्र वेगळा प्रकार. १९९३ सालच्या कॅनडाच्या निवडणुकीचा उल्लेख तुमच्या लेखात नाही याचं आश्चर्य वाटलं. लिबरल नेते जाँ क्रेत्येन यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणापासून अधू होती. सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्यांच्या चेहऱ्याची जवळून घेतलेली छायाचित्रं वापरून 'हा माणूस पंतप्रधान म्हणून शोभेल का' अशा थाटाची जाहिरात केली. देशभर संताप उसळला. पक्षाच्या स्वतःच्या उमेदवारांनी ती बंद करायची मागणी केली आणि ती लगेच मागे घेतली गेली. क्रेत्येननी शांतपणे सांगितलं की हे व्यंग देवाने दिलेलं आहे आणि मी ते लहानपणीच स्वीकारलं आहे.

माध्यान्ह

शब्दवेध, तो प्रसंग मी मसुद्यात लिहिला होता आणि काढून टाकला. कारण सांगतो. १९८८ मध्ये १६९ जागा जिंकणारा तो पक्ष १९९३ मध्ये २ जागांवर आला. दोन! ते वाचल्यावर 'एका जाहिरातीने पक्ष बुडाला' असं म्हणायचा मोह होतो, पण तो पक्ष आधीच बुडत होता. नवा अप्रत्यक्ष कर, घटनेवरून झालेले वाद, पश्चिमेत रिफॉर्म पार्टी आणि क्युबेकमध्ये ब्लॉक क्युबेक्वा हे नवे प्रतिस्पर्धी पक्ष. जाहिरातीने शेवटची फळी काढली असेल, बोट तिने फोडली नव्हती.

तुमच्या भेदाशी सहमत आहे. कारभारावरची टीका आणि माणसावरचा हल्ला एकाच पारड्यात घालू नये. पण माझा आक्षेप तिसऱ्याच गोष्टीवर आहे, आणि ती या दोन्ही खणांत बसत नाही: 'यांच्यासोबत कधीच नाही' अशी शपथ. त्यात शिवी नसते, व्यंगही नसतं, तरीही ती सगळ्यात जास्त विखारी ठरू शकते.

आकडेमोड

दोन-तीन संदर्भ जोडतो.

स्कापर्दास आणि ग्रोफमन यांनी १९९५ मध्ये नकारात्मक प्रचाराचं गणिती प्रारूप मांडलं. तीन उमेदवार असतील तर सगळ्यात दुबळ्यावर कोणीच दारूगोळा खर्च करत नाही. हल्ला होतो तो पुढे असलेल्यावर. दुसऱ्या क्रमांकाचा पहिल्यावर तुटून पडतो, तिसऱ्याचं लक्ष्यही पहिलाच. म्हणजे अनेक पक्ष असले तरी हल्ल्यांची दिशा विखुरलेली नसते, ती वरच्या टोकाला एकवटते.

दुसरं, लाऊ, सिगेलमन आणि रोव्हनर यांनी २००७ मध्ये १११ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. नकारात्मक प्रचाराने मतं मिळतात याचा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. तो लक्षात जास्त राहतो, एवढं मात्र खरं. लोक मतदानालाच येत नाहीत हा लोकप्रिय समजही टिकला नाही. सरकारवरचा विश्वास आणि 'आपल्या मताने काही फरक पडतो' ही भावना थोडी खाली जाते, हे टिकलं. यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत, हे लक्षात ठेवून वाचावं.

आता धाग्याच्या शीर्षकाला छेद देणारा मुद्दा, आणि तो तुमच्याच उदाहरणातून. २०१२ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्सच्या जनमत चाचण्यांमध्ये तिसराच पक्ष जोरात होता, डावीकडचा समाजवादी एसपी. त्याला ३० च्या वर जागा मिळतील असे अंदाज होते. मग रुटे विरुद्ध साम्सोम ही लढत रंगली, सगळे कॅमेरे तिकडे वळले, आणि डावे मतदार रुटेंना रोखायला साम्सोमकडे धावले. एसपीला मिळाल्या १५ जागा. इथे दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला नाही, तिसरा चिरडला गेला.

माध्यान्ह

आकडेमोड, हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटलं होतं. मग प्रश्न असा येतो की आयोवात तिसऱ्याला लाभ आणि नेदरलँड्समध्ये तिसऱ्याचा चुराडा, हे कशाने ठरतं?

माझा अंदाज: भांडण 'कोण लायक आहे' यावर असेल तर मतदार त्या दोघांना सोडून निघतो, कारण दोघंही मळलेले दिसतात. भांडण 'पंतप्रधान हा की तो' असं मांडलं गेलं तर मतदार भीतीने दोघांपैकी एकाला धरून बसतो. तिसऱ्याला मत दिलं तर वाया जाईल ही धास्ती त्याला बांधून ठेवते. म्हणजे दोन मोठ्या पक्षांना एकमेकांवर हल्ला करणं परवडतं, कारण त्यातून मैदान दोघांपुरतं आकसतं. हे दोघांनी ठरवून केलेलं असेल असं नाही, पण हित दोघांचंही आहे.

मेक्सिको २००६ हेही असंच प्रकरण असावं का? तिथे लढत तिरंगी होती.

कायदेभान

मेक्सिकोचं मी सांगतो, कारण त्याचा पुढचा भाग कायद्याचा आहे.

२००६ मध्ये उजव्या पॅन पक्षाच्या फेलिपे काल्देरोन यांच्या बाजूने त्यांच्या डाव्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध 'लोपेझ ओब्राडोर, मेक्सिकोला धोका' अशी जाहिरात मोहीम चालली. निवडणूक न्यायाधिकरणाने काही जाहिराती थांबवायला लावल्या, पण तोपर्यंत त्या घराघरांत पोहोचल्या होत्या. काल्देरोन एक टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकले. तिसरा पक्ष पीआरआय साधारण २२ टक्क्यांवर राहिला. सात दशकं सत्तेत राहिल्याचं ओझं त्याच्या पाठीवर होतं, त्यामुळे नाराज मतदाराला तो निवारा वाटलाच नाही. माध्यान्ह यांच्या अंदाजाला मी एवढी जोड देईन: तिसऱ्याला लाभ व्हायचा तर तो तिसरा स्वतः स्वच्छ दिसावा लागतो.

त्या निवडणुकीनंतर २००७ मध्ये मेक्सिकोने थेट राज्यघटनेत दुरुस्ती केली. संस्थांना आणि पक्षांना हिणवणारा, तसंच व्यक्तींची खोटी बदनामी करणारा मजकूर प्रचारात वापरायला बंदी. परिणाम काय? 'हिणवणं' म्हणजे नेमकं काय, यावर तक्रारींचा पाऊस पडला. भ्रष्टाचाराचा आरोप हेही हिणवणंच, असा युक्तिवाद करता येऊ लागला. २०१४ मध्ये पक्षांना आणि संस्थांना हिणवण्यावरची बंदी काढली, व्यक्तीच्या खोट्या बदनामीवरची ठेवली. मला ही माघार योग्य वाटते. पक्षाला दुखावलं जाण्यापासून संरक्षण देणं हे कायद्याचं काम नाही.

खोटं मात्र कायद्याच्या टप्प्यात येतं. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये ओल्डम ईस्ट अँड सॅडलवर्थ मतदारसंघात मजूर पक्षाचे फिल वूलास लिबरल डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्यापेक्षा १०३ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी अतिरेकी प्रवृत्तीच्या लोकांची मर्जी राखतो, अशा आशयाची पत्रकं त्यांच्या प्रचारात वाटली गेली होती. खास निवडणूक न्यायालयाने ही विधानं जाणूनबुजून केलेली खोटी विधानं ठरवली, निवडणूक रद्द केली आणि वूलासना तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी घातली. भारतातही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून केलेलं खोटं विधान भ्रष्ट आचरण मानतं.

पण माध्यान्ह ज्याला शपथ म्हणतात, 'यांच्यासोबत कधीच नाही', ती कुठल्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही. आणि येऊही नये. भविष्याबद्दलचं वाक्य खोटं ठरेपर्यंत खोटं नसतं.

उत्तरायणी

मतदानाच्या पद्धतीबद्दल कोणीच बोलत नाहीये, म्हणून लिहिते.

दोन फेऱ्यांच्या निवडणुकीत हल्ल्याचा एक वेगळाच उपयोग होतो: दुसऱ्या फेरीत आपल्यासमोर कोण उभं राहावं ते निवडणं. ब्राझीलमध्ये २०१४ च्या ऑगस्टमध्ये एदुआर्दो काम्पोस विमान अपघातात गेले आणि त्यांच्या जागी मरिना सिल्वा उभ्या राहिल्या. महिनाअखेरीस चाचण्या सांगत होत्या की दुसऱ्या फेरीत त्या राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ यांना हरवतील. मग दिल्मांच्या प्रचाराने मरिनांवर सलग मारा केला. एका जाहिरातीत, मध्यवर्ती बँक स्वतंत्र केली तर कुटुंबाच्या ताटातलं अन्न नाहीसं होईल असं दाखवलं होतं. दिल्मांना टीव्हीवर दर वेळी अकरा मिनिटांहून जास्त वेळ मिळत होता, मरिनांना जेमतेम दोन मिनिटं. दोन मिनिटांत अकरा मिनिटांचं उत्तर कसं द्यायचं? ५ ऑक्टोबरला दिल्मा ४१.६ टक्के, अएसिओ नेव्हेस ३३.६ आणि मरिना २१.३. दिल्मांना हवा तो प्रतिस्पर्धी मिळाला आणि त्या ५१.६ टक्क्यांनी जिंकल्या.

पण हिशेब तिथे संपत नाही. मरिना एकेकाळी दिल्मांच्याच पक्षात होत्या, दिल्मांच्या आधीच्या लुला यांच्या सरकारात दोघीही मंत्री होत्या. पहिल्या फेरीनंतर त्यांनी पाठिंबा दिला नेव्हेसना.

पसंतीक्रमाच्या मतदानाबद्दल मात्र मला मोठी आशा वाटत होती. दुसऱ्या पसंतीची मतं हवी असतील तर शेजारच्या पक्षाच्या मतदाराला दुखावून चालत नाही, हा तर्क बरोबरच आहे. पण ऑस्ट्रेलियात पसंतीक्रमाची पद्धत शतकाहून अधिक काळ आहे, आणि तिथला प्रचार काही सौम्य नाही. २०१६ मध्ये मतदानाच्या दिवशी मजूर पक्षाने पाठवलेल्या मोबाइल संदेशांवर पाठवणारा म्हणून 'मेडिकेअर' हे सरकारी आरोग्य योजनेचं नाव झळकत होतं, आणि संदेशात ती योजना खाजगी होणार अशी भीती घातलेली होती. पुढे सरकारी संस्थेचं सोंग घेणं गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. पसंतीक्रम असूनही शेवटी लढत दोन गटांतच होते, म्हणून असेल. पद्धत बदलली की स्वभाव बदलतो, हा माझा समज मी सोडून दिला आहे.

जुना वाचक

लहान पक्षांसाठी हल्ला होणं हीच जाहिरात असते. १९९४ मध्ये जर्मनीत उजव्या बाजूच्या सीडीयूने लाल मोज्यांचं पोस्टर काढलं: डावीकडच्या एसपीडीला मत म्हणजे पूर्व जर्मनीच्या जुन्या कम्युनिस्टांचा वारसा सांगणाऱ्या पीडीएसशी हातमिळवणी. पीडीएसने तेच लाल मोजे बिल्ले म्हणून मिरवले. देशभरात ४.४ टक्केच मतं मिळाली, म्हणजे संसदेत जाण्यासाठी लागणाऱ्या पाच टक्क्यांच्या उंबरठ्याखाली, पण बर्लिनमध्ये चार मतदारसंघ थेट जिंकल्यामुळे तो उंबरठा आड आला नाही आणि ३० खासदार संसदेत बसले.

शब्दवेध

जुना वाचक यांच्या उदाहरणात एक बारीक गोष्ट आहे. तो हल्ला पीडीएसवर नव्हताच, तो एसपीडीवर होता. लक्ष्य होती संभाव्य युती. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये हेच झालं. कॉन्झर्व्हेटिव्ह पोस्टरवर मजूर पक्षाचे एड मिलिबँड स्कॉटिश नेते अ‍ॅलेक्स सामंड यांच्या कोटाच्या खिशात बसलेले. इंग्लंडमधल्या मतदाराला भीती घातली, तर स्कॉटलंडमध्ये सामंड यांच्या एसएनपी पक्षाने ५९ पैकी ५६ जागा जिंकल्या. दोन पक्षांच्या व्यवस्थेत असा हल्ला जमणारच नाही. तिथे 'हा कोणाच्या खिशात बसेल' हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणि म्हणूनच माध्यान्ह, तुमच्या म्हणण्यातली एक अडचण सांगतो. पक्षाने प्रामाणिकपणे सांगितलं की 'गरज पडली तर आम्ही यांच्यासोबत बसू', तर दुसऱ्या दिवशी खिशाचं पोस्टर तयार. प्रामाणिक राहणाऱ्यालाच शिक्षा होते. मग शपथ घेणं ही लबाडी की स्वसंरक्षण?

सांजवारा

इथे सहसा लिहीत नाही, वाचते. पण शब्दवेध यांचा प्रश्न मला फार जवळून माहीत आहे. मी एका पक्षासाठी प्रचाराचा मजकूर लिहिला आहे. पक्ष आणि ठिकाण सांगणार नाही.

काम असं चालतं. आधी विरोधकांची फाइल बनते: जुनी भाषणं, सभागृहातली मतदानं, मुलाखतींतली घसरलेली वाक्यं. मग त्यातली कुठली गोष्ट कोणाला टोचते हे फोनवरच्या छोट्या सर्वेक्षणातून तपासतात. आमची पहिली पत्रकं कामांबद्दल होती. चांगली होती. ती कोणी पुढे पाठवली नाहीत, कोणत्याच वार्ताहराने त्यावर प्रश्न विचारला नाही. मग शेजारच्या पक्षावर एक पत्रक काढलं. विचारांनी आमच्या सगळ्यात जवळचा पक्ष तो, कारण मतदार तिथूनच ओढता येण्यासारखा होता. दुरच्या पक्षाचा मतदार काही केल्या आमच्याकडे येणार नव्हता. ते पत्रक संध्याकाळपर्यंत सगळीकडे पसरलं. त्यातलं शेवटचं वाक्य माझं होतं: या लोकांच्या सावलीलाही आम्ही उभे राहणार नाही.

त्या रात्री मला आनंद झाला होता. ते लपवत नाही.

निकालानंतर तीन महिन्यांनी आम्ही त्यांच्यासोबत सरकारात होतो. दारोदार फिरलेल्या कार्यकर्त्यांना लोकांनी तेच पत्रक दाखवलं. एका वयस्क बाईंनी ते घडी घालून जपून ठेवलं होतं. त्या चिडल्या नाहीत, फक्त 'हे कोणी लिहिलं होतं?' एवढंच विचारलं. माझ्यासोबतच्या मुलाने माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी अजून त्याची ऋणी आहे.

तेव्हा शब्दवेध, माझं उत्तर: आतून ते स्वसंरक्षण वाटतं. बाहेरून पाहणाऱ्याला ती लबाडीच असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याचं बरोबर असतं.

आकडेमोड

सांजवारा, मनापासून लिहिलंत. तुम्ही म्हणता तो 'जवळच्या पक्षावर हल्ला' अभ्यासांतही दिसतो. पश्चिम युरोपातल्या प्रचारांवर अ‍ॅनमारी वॉल्टर यांनी काम केलं आहे. मतं जिथून मिळू शकतात तिथे हल्ला करण्याची ओढ आणि सत्तेतला भागीदार गमावण्याची भीती अशी दोन्हीकडून ओढाताण असते. ज्या पक्षांना सरकारात जाण्याची आशा असते ते हात राखून मारतात, ज्यांना ती नसते त्यांना गमावण्यासारखं काही नसतं. ऑस्ट्रियात पक्षांची प्रसिद्धिपत्रकं तपासून हॅझेलमायर आणि येनी यांनी दाखवलं की सत्तेतले भागीदारही एकमेकांवर टीका करतात, पण शब्द मऊ वापरतात.

त्याच ऑस्ट्रियात २०१७ मध्ये मात्र समाजवादी लोकशाही पक्ष एसपीओच्या सल्लागाराच्या चमूने फेसबुकवर सत्तेतला भागीदार पक्ष ओव्हीपीचे नेते सेबास्टियन कुर्त्स यांच्याविरुद्ध पानं चालवल्याचं उघडकीस आलं. त्यातलं एक पान कुर्त्स यांच्या चाहत्यांचं असल्याचं भासवत होतं. पक्षाच्या सरचिटणीसांना राजीनामा द्यावा लागला, कुर्त्स पहिले आले, आणि वर्ष संपायच्या आत त्यांनी उजव्या एफपीओला घेऊन सरकार बनवलं. एसपीओ आणि ओव्हीपी यांच्यातली दशकभराची भागीदारी तिथे संपली. दुरावा आधीपासून होता, पण विश्वासाचा उरलासुरला धागाही तुटला.

उत्तरायणी

यावर एक उपाय करून पाहिला गेला आहे. जर्मनीत फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीआधी, डिसेंबर २०२४ मध्ये, एसपीडी, सीडीयू-सीएसयू, ग्रीन्स, एफडीपी आणि डी लिंक यांनी सभ्य प्रचाराचा लेखी करार केला. वैयक्तिक हल्ले नकोत, जाणूनबुजून खोटी माहिती नको. अतिउजवा एएफडी त्यात नव्हता. सही करणाऱ्यांपैकीच सीडीयू-सीएसयू आणि एसपीडी यांनी पुढे मे महिन्यात सरकार बनवलं. प्रचार गोडीगुलाबीचा झाला असं मुळीच नाही, जानेवारीत स्थलांतराच्या प्रश्नावर संसदेत फार कडवटपणा आला. पण ज्यांना उद्या एकत्र बसावं लागेल त्यांनी आधीच रेषा आखून घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

माध्यान्ह

शब्दवेध यांच्या प्रश्नावर दोन दिवस विचार करतो आहे. इस्रायल आठवलं. मार्च २०२१ च्या निवडणुकीच्या तोंडावर नफ्ताली बेनेट यांनी टीव्हीवर कागदावर सही करून सांगितलं की याइर लापिद यांना पंतप्रधान होऊ देणार नाही, आलटूनपालटूनही नाही. जूनमध्ये त्यांनी लापिद यांच्यासोबतच आलटूनपालटून पंतप्रधानपदाचा करार केला. आठ पक्षांचं सरकार ६० विरुद्ध ५९ मतांनी आलं, आणि पुढच्या वर्षी १ जुलैला लापिद पंतप्रधान झालेही.

दोन वर्षांत चार निवडणुका झालेल्या देशाला सरकार हवं होतं, आणि ते देणं हे मोडलेल्या शब्दापेक्षा मोठं काम होतं, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते निम्मं पटतं. पण त्या सहीचा कागद पहिल्या दिवसापासून त्या सरकारच्या गळ्यात बांधलेला होता. विरोधकांना नवा आरोप शोधावाच लागला नाही. म्हणून शपथेबद्दलचं माझं मत बदलत नाही. बदललं ते शीर्षकाबद्दलचं. लाभ तिसऱ्याचा होईल की नाही हे परिस्थितीवर आहे. मूळ लेखात मी ते फार ठामपणे लिहिलं होतं.

सांजवारा, एक विचारू का? त्यानंतर तुम्ही पुन्हा प्रचाराचा मजकूर लिहिलात?

सांजवारा

हो. एकदाच.

तेव्हा मी मसुदा घेऊन प्रचारप्रमुखांकडे गेले आणि म्हटलं, प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा, आणि निकालानंतर याच माणसांसमोर टेबलावर बसून तुम्हाला हे वाक्य पुन्हा म्हणता येईल का ते सांगा. ते वैतागले, पण वाचलं. सात वाक्यं होती. चार त्यांनी स्वतःच खोडली. एक नेत्याच्या मुलाबद्दल होतं, एक माझ्या त्या सावलीच्या वाक्यासारखंच होतं, बाकी दोन नुसती विशेषणं.

उरलेली तीन मऊ असतील असं वाटलं होतं, पण तीच सगळ्यात कडक निघाली. तिन्ही त्यांच्या कारभाराबद्दल, तिन्हींत आकडे होते, आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या पक्षाला उत्तर द्यायला पत्रकार परिषद बोलवावी लागली.